केळीवाली आली का?

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची. जून संपत आला होता. आमच्या माजलगावात पेरण्या उरकल्या होत्या आणि माझी बॅग भरून पलंगाखाली तयार होती. माझं वय तेव्हा अडुसष्ट. तोवर विमान मी पाहिलं होतं ते गच्चीवरून, वाळवणाला राखण बसल्यावर, मान वर करून.

मला जायचं होतं केनियाला. माझी नात आरोही तिथं किसुमू नावाच्या शहराजवळ एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होती. तिचा नवरा अमरसिंह त्या कारखान्यात केमिस्ट. आमच्या भागात कारखाने इतके, की उसाचं कांडकं चावून त्यात साखर किती ते सांगणारी पोरं घरोघर सापडतील. त्यातली काही आता आफ्रिकेत गेली आहेत.

आरोहीचं हे पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, अशी रीत. पण पाचव्या महिन्यात तिला त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की आता विमानात बसायचं नाही. आरोहीची आई, म्हणजे माझी सून, आरोही नऊ वर्षांची असतानाच गेली. तेव्हापासून वेणीफणी, शाळेचा डबा, आजारपणं, लग्न, सगळं माझ्याच हातून झालं. पोरीला माहेरी येता येत नसेल तर माहेर तिच्याकडे येईल, असं मी फोनवर बोलून बसले होते. चार जुलैचं तिकीट काढलं होतं. तेवीस तारखेच्या आसपास तिचे दिवस भरत होते.

तयारी दणक्यात झाली. पासपोर्ट आला. त्यातला माझा फोटो बघून शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "कुनावर एवढ्या चिडल्या व्हत्या हो?" मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची सुई घेतली. साठीपुढच्या माणसाला ती सहज देत नाहीत, आधी दहा प्रश्न विचारतात. मी दहाही प्रश्नांना 'नाही' म्हणाले, तेव्हा तो डॉक्टर म्हणाला, "आजी, मग मलाच तपासून बघा जरा." डिंकाचे लाडू झाले. अळीव, बाळंतशेपा, ओवा, खारकेची पूड बांधली. त्या देशात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे असं कळलं, म्हणून जुन्या धोतराच्या बत्तीस पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीवर पेनाने नाव घातलं.

प्लास्टिकचं मला सांगितलं गहिनीनाथने. हा शिरूर कासारचा. आईबापांची सगळी हयात ऊस तोडण्यात गेली आणि हा आरोहीच्या कारखान्यात पॅनमन झाला, म्हणजे रस कढवून त्यातून साखरेचा दाणा धरणारा कारागीर. तो सुट्टीवर आला होता आणि परतीला माझ्याच विमानात होता. त्याच्या भरवशावर मी निघणार होते.

पंचवीस जूनला संध्याकाळी मी भाजी निवडत होते. माझा मुलगा विजयसिंह टीव्हीसमोरून ओरडला, "आई, इकडं ये आधी! तुझ्या केनियात आग लागली!"

खरंच लागली होती. नव्या करांच्या कायद्याविरुद्ध तिथली तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती. नैरोबीत ती थेट संसदेत घुसली. गोळीबार झाला, माणसं दगावली. दुसऱ्या दिवशी सरकारने कायदा मागे घेतला, तरी पोरं मागे हटेनात. पुढच्या मंगळवारी, दोन जुलैला, पुन्हा मोर्चे ठरले. या वेळी किसुमूतसुद्धा.

"तिकीट रद्द करायचं," विजयसिंह म्हणाला. "विषय संपला."

"आन् पोरीचं बाळंतपण?"

"तिथं दवाखाना हाय. नर्सा हायत."

"नर्स बाळाची टाळू भरती का?"

"तिथं गोळ्या चालल्यात, आन् तू टाळूचं काय घेऊन बसलीस!"

"मग तिला एकटीला तिथं कावून ठेवायची?"

त्याने टीव्ही बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, "एक पोरगी तिकडं अडकली हाय. त्यात आईबी कावून अडकवू?"

मी भाजीचं ताट उचलून आत गेले. तो चिडला असता तर मी भांडले असते. घाबरलेल्या माणसाशी काय भांडणार?

दुसऱ्या दिवशी माझे धाकटे दीर आप्पाराव आले. ते एकदा पंचायत समितीवर निवडून आले होते, तेव्हापासून जगाचं राजकारण त्यांना समजतं. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "वहिनी, ह्याच्यामागं परकीय शक्ती हायत."

"भाऊजी, तिथं परकीय म्हंजी मीच की," मी म्हणाले.

विजयसिंहसुद्धा हसला. पण तिकिटाबद्दल त्याचं मत काही बदललं नाही.

तेव्हा मी चपला घातल्या आणि बसस्टँडवर मकसूदकडे गेले.

मकसूद फळवाला. त्याच्याकडे का गेले, ते सांगायला मागे जावं लागेल. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात दंगली उसळल्या होत्या. मी बावीस वर्षांची, विजयसिंह पोटात, आठवा महिना. माझं माहेर आष्टीला, आणि एसटी बंद. कुणी म्हणे बीडपर्यंत रस्ता मोकळा आहे, कुणी म्हणे पुलाजवळ झाडं पाडलीत. मकसूदचे वडील तेव्हा स्टँडसमोर गाडा लावायचे. माझे सासरे रोज सकाळी त्यांच्याकडे जायचे आणि एकच विचारायचे, "केळी उतरली का?" केळ्यांचा ट्रक नांदेडकडून यायचा. केळीवाल्याला घरात बसून राहणं परवडत नाही, कारण माल काळा पडतो. आणि उगाच धाडस करणंही परवडत नाही, कारण ट्रक जातो. त्यामुळे रस्त्याची खरी खबर त्याच्याइतकी कुणालाच नसते. चौथ्या दिवशी केळी उतरली. उरलेला माल घेऊन तोच ट्रक पुढे नगरला निघाला होता. मकसूदच्या वडिलांनी ड्रायव्हरला सांगून मला आणि सासूबाईंना पुढे बसवलं. मी घडांच्या वासात आष्टीला पोचले. विजयसिंह आजोळी केळीच्या ट्रकातून गेला आहे, याची आठवण मी त्याला अधूनमधून करून देत असते.

तेव्हापासून आमच्या घराची ही पद्धतच झाली. बंद असो, रास्ता रोको असो, निवडणुकीची हाणामारी असो, पेपर नंतर वाचायचा. आधी मकसूदला विचारायचं, केळी उतरली का. दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात माजलगावातच जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, नेट बंद झालं, तेव्हा आरोही नुकतीच केनियात गेली होती. साध्या फोनवर दिवसभर रडत होती, "आजी, तुमी सगळे इकडं निघून या." मी तेव्हा अंगणात शेंगा फोडत बसले होते. आग खोटी नव्हती, घरं जळली होती. पण आमची गल्ली शांत होती आणि तिसऱ्या दिवशी मकसूदचा गाडा लागला होता. लांबून बघणाऱ्याला आगच तेवढी दिसते, गाडा दिसत नाही.

मकसूद मोसंब्या पुसत होता. सगळं ऐकून म्हणाला, "माई, उधर भी कोई केला बेचताच होयंगा ना?"

"असंल की."

"मग त्यालाच इचारा. आप्पारावला कावून इचारता?"

घरी येऊन मी आरोहीला फोन लावला. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. ती नुकतीच न्याहारीला बसली होती.

"आरोही, तुमच्या कारखान्याच्या फाटकाशी केळी कोण विकतं?"

"आजी, इथं मोर्चे चाललेत, आन् तुला केळी आठवली?"

"सांग तर."

"अकिन्यी म्हणून एक बाई हाय. रोज सात वाजता येते. डोक्यावर घड घेऊन. किसुमूच्या बाजारातून माल आणते."

किसुमूच्या बाजारातून! विमानातून उतरून मला त्याच वाटेने यायचं होतं, एवढंच पाहिजे होतं. मी तिला सांगितलं, की रोज खिडकीतून बघायचं आणि मला कळवायचं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी साडेनऊचं बातमीपत्र सुरू झालं. गुरुवारी अकिनीबाई आली. (मला तिचं नाव नीट जमेना, म्हणून मी तिची अकिनीबाई केली.) शुक्रवारी आली, जरा उशिरा. शनिवारी दोन घड घेऊन आली. रविवारी चर्चहून थेट फाटकाशी, डोक्याला निळा रुमाल बांधून. विजयसिंह आधी कुत्सित हसायचा. सोमवारी मात्र मी पूजेला बसले होते तर तोच दारातून म्हणाला, "आई, साडेनऊ वाजून गेले की. फोन न्हाई आला अजून?"

"कावून? तुला काय करायचंय?"

"आपलं इचारलं."

ती सोमवारीही आली. आप्पारावांनी निरोप पाठवला, की केळीवालीवर विसंबून परदेश प्रवास करणाऱ्या तुम्ही जिल्ह्यातल्या पहिल्याच. विजयसिंह म्हणाला, "उद्याचा मंगळवार जाऊ दे. उद्या आली तर बघू." माझ्या दृष्टीने हा होकारच होता. मी डबा पुन्हा उघडून लाडू मोजले, एक फुटला होता तो खाल्ला.

मंगळवारी अकिनीबाई आली नाही.

आरोही खिडकीत सात वाजल्यापासून उभी होती. दहा वाजले, अकरा वाजले. फाटकाशी तिचं लाकडी खोकं तेवढं पडलेलं. टीव्हीवर किसुमूचा रस्ता दाखवत होते, मधोमध टायर जळताना. बुधवारी सकाळीही ती आली नाही.

विजयसिंह टाकून बोलला नाही. त्याने माझ्यासमोर पाट सरकवला, बसला, आणि म्हणाला, "आई, तुझाच नियम हाय. मी न्हाई केलेला."

बरोबर होतं. पाच दिवस मी ज्या नियमाचा तोरा मिरवला, तोच उलटा फिरला होता. गुरुवारी पहाटे मुंबईला निघायचं होतं. बुधवारी दुपारी मी पलंगाखालून बॅग ओढली आणि पिशव्या एकेक करून परत डब्यात रिकाम्या करायला लागले. आरोहीचा फोन आला. मी सांगण्याआधी तीच म्हणाली, "आजी, तू नको येऊस. माझं होईल सगळं नीट. इथं लोक चांगले हायत." लहानपणी गुडघा फोडून घेतल्यावर, "लागलं न्हाई," म्हणायची, तोच आवाज. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ओव्याची पिशवी हातात तशीच राहिली.

संध्याकाळी गहिनीनाथ त्याचं सामान घेऊन आमच्याकडे आला. आमच्या गाडीतूनच तो मुंबईला येणार होता. रिकामी बॅग बघून त्याला काय ते समजलं.

"मला तर जावंच लागतंय काकू," तो म्हणाला. "सुट्टी संपली. मी लाडू तेवढे नेतो."

मी त्याच्यासाठी चहा टाकला. तेवढ्यात आरोहीने पुन्हा फोन केला, या वेळी तोंड दिसणारा. ती फाटकाशी उभी होती, नवव्या महिन्याचं पोट सांभाळत, आणि धापा टाकत हसत होती.

"आजी, बघ कोण आलंय!"

पडद्यावर एक उंच, काळीभोर, माझ्याच वयाची बाई आली. डोक्याला निळा रुमाल. तिने मोठ्याने काहीतरी म्हटलं. मला एक अक्षर कळलं नाही. गहिनीनाथ चहाचा कप ठेवून पुढे सरकला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागला. दोघे हसले. मग ती बराच वेळ बोलत राहिली आणि आम्ही तिघं, मी, विजयसिंह आणि दारात आलेल्या वत्सलाबाई, गहिनीनाथच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय म्हणती? सांग की बे!" विजयसिंह म्हणाला.

"ती म्हणती, पोरीकडं गेलती. तिची लेक किसुमूच्या पलीकडं दिलीय. मंगळवारीच बाळंत झाली. मुलगा झाला."

"मंगळवारी? मोर्चाच्या दिवशी?"

"मोर्चातूनच गेलती म्हणं. गाड्या बंद. मंग डोक्यावर घड घेऊन चालतच निघाली. रस्त्यात पोरांनी टायर पेटवलेले. पोरं म्हणाली, मावशे, कुटं निघालीस? ही म्हणाली, लेकीचं बाळंतपण हाय. त्येंनी दगडं बाजूला केली."

"अन् केळी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

गहिनीनाथने ते विचारलं. अकिनीबाईने दोन्ही हात वर करून उत्तर दिलं.

"अर्धा घड त्या पोरांनीच खाल्ला. सकाळपासून उपाशी व्हती, म्हणती. घोषणा देऊन देऊन घसा कोरडा पडलेला."

आम्ही हसलो. मी गहिनीनाथला म्हणाले, "तिला इचार, भ्या न्हाई वाटलं का?"

त्याने विचारलं. ती हसायची थांबली. थोडं बोलली, मग फोनच्या जवळ येऊन माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

गहिनीनाथ घुटमळला. "ती म्हणती, वाटलं की. पण लेक वाट बघत व्हती." मग विजयसिंहकडे न बघता म्हणाला, "आन् इचारती, ह्या पोरीची आजी उद्या निघनार व्हती ना? पोरीनं मला रोज सांगितलंय."

विजयसिंह उठला. मला वाटलं बाहेर जातो आहे. तो पलंगाजवळ गेला, रिकामी बॅग जमिनीवर मांडली आणि शेजारच्या रिकाम्या पिशव्या हाती घेऊन त्यांच्यावरची नावं वाचायला लागला.

"ह्याच्यात ओवा भरायचा का शेपा?" तो म्हणाला. "तुझं अक्षर कुनाला लागतंय का?"

"चष्मा लाव," मी म्हणाले. "शेपा लिहिलंय चांगलं ठळक."

आम्ही पहाटे निघालो. विजयसिंहने मुंबईपर्यंत स्वतः गाडी चालवली आणि वाटेत पाच वेळा सांगितलं, की नैरोबीत विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नाही, तिथूनच किसुमूचं विमान पकडायचं. पाचव्या वेळी मी त्याला ट्रकाची आठवण करून दिली.

नैरोबीच्या विमानतळावर एका तरुण अधिकारी बाईने माझी बॅग उघडायला लावली. धोतराच्या बत्तीस पिशव्या बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक उघडून वास घेतला. ती नेमकी ओव्याची होती. तिला दोन शिंका आल्या. गहिनीनाथने सांगितलं, की ही बाळंतिणीची खाद्यं आहेत, आजी नातीकडे चालली आहे. तिने पिशवीची गाठ नीट बांधली, बॅग स्वतः बंद केली आणि माझ्याशी काहीतरी बोलली. गहिनीनाथ म्हणाला, "ती म्हणती, माझी आयबी अशीच आलती. तिनं कोंबडी आनलीती."

बावीस जुलैला सकाळी सहा वाजता आरोहीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी शहरात पुन्हा मोर्चा होता. दवाखान्याच्या खिडकीतून घोषणा ऐकू येत होत्या आणि मी बाळाची टाळू भरत होते. पाचव्या दिवशी अकिनीबाई घड घेऊन आली. मी तिच्या लेकीसाठी लाडू बांधून दिले. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण बाळाला शेक किती द्यावा यावर आमचं चांगलं भांडण झालं.

मी नोव्हेंबरात परत आले. त्यानंतर कोण कुठे आहे, ते सांगते.

आरोहीच्या मुलीचं नाव अरुणा ठेवलं. आजकाल असं जुनं नाव कुणी ठेवत नाही, पण अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली, हे तिथं कळलं आणि आरोहीने हट्ट धरला. अरुणा आता चालते. केळ्याला ती त्यांच्याच भाषेत 'न्दीझी' म्हणते आणि पाण्याला आपल्यासारखं 'मम्'. अमरसिंहला बढती मिळाली. आरोही वसाहतीतल्या मुलांची शिकवणी घेते.

गहिनीनाथ गेल्या हंगामात कायमचा परत आला. माजलगावजवळच्या एका कारखान्यात पॅनवर आहे. म्हणतो, तिकडचा ऊस चांगला, पण इकडची भाकर चांगली. आप्पाराव आता केनियाच्या राजकारणावर अधिकाराने बोलतात, कारण त्यांची वहिनी तिथं राहून आली आहे. वत्सलाबाईंनी पासपोर्ट काढलाय. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. फोटोत त्यासुद्धा चिडलेल्याच दिसतात.

मकसूदचे गुडघे दुखतात. गाडा आता त्याचा मुलगा आतिफ बघतो. मकसूद शेजारी खुर्चीवर बसतो आणि येईल त्याला सांगतो, की बीड जिल्ह्याची खबर तर आपण देतोच, पण एकदा आफ्रिकेचीही दिली होती.

विजयसिंह मागच्या डिसेंबरात लेकीला भेटून आला. निघायच्या आधी आठ दिवस त्याने मला न सांगता रोज आरोहीला फोन करून केळीवालीचं विचारलं होतं. ते मला आरोहीनेच सांगितलं.

अकिनीबाई अजून फाटकाशी बसते. दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये तिथं पुन्हा गडबड झाली. मी टीव्ही लावला नाही. साडेनऊ वाजायची वाट बघितली आणि फोन केला.

"केळीवाली आली का?"

"आली, आजी," आरोही म्हणाली. "नातवाला घेऊन आलीय. तो आन् अरुणा खोक्यावर बसलेत. तोंडं बघ त्यांची, नुसती केळ्यानं माखलीत."